भांडुपच्या खाडीवर एक सकाळ : फोटो कसा काढावा आणि कसा काढू नये

होस्टेलमध्ये पहाटे साडेचारला एखाद्या खोलीत दिवा दिसला की त्याचा अर्थ एकच असतो - आज कोणाचं तरी सबमिशन आहे. त्यामुळे फेब्रुवारीत आमच्या खोलीचा दिवा दोनदा पहाटे लागला, तेव्हा शेजारच्या खोलीतली मैत्रीण धावतच आली. "अगं, कुठलं जर्नल? मला कोणी सांगितलंच नाही!" तिला म्हटलं, "बाई, झोप. आम्ही पक्षी बघायला चाललोय." तिने ज्या नजरेने बघितलं ती मी अजून विसरलेले नाही.

झालं असं, की फेस्टिव्हलच्या फोटो प्रदर्शनाचा विषय जाहीर झाला - 'ग्रामीण निसर्ग'. आता मुंबईच्या उपनगरातल्या होस्टेलवर राहणाऱ्या, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारख्या मुलीने ग्रामीण निसर्ग आणायचा कुठून? गावी जायला सुट्टी नाही, सहलीला पैसे नाहीत. हातात काय, तर मावसभावाकडून उसना आणलेला जुना डीएसएलआर आणि त्याची ७०-३०० ची लेन्स. शेवटी फोटो सर्कलच्या एका सीनियरने सुचवलं, "भांडुप पंपिंग स्टेशनला जा. पंधरा रुपयांच्या आत निसर्ग!"

हा लेख त्या दोन सकाळींबद्दल आहे. फोटोग्राफीची पुस्तकं लायब्ररीत आहेत, ती मी इथे उतरवून काढणार नाही. पण आमच्या खाडीवर, आमच्या थंडीत ती पुस्तकं जिथे जिथे कमी पडली, ते सांगणार आहे. आणि एक चूक केली, तीही.

जागा कोणती?

मुलुंडचा ऐरोली पूल आणि वाशीचा पूल यांच्यामधली ठाण्याची खाडी म्हणजे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. २०१५ मध्ये ते जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. क्षेत्रफळ साधारण १,६९० हेक्टर, त्यातला निम्म्याहून जास्त भाग खारफुटीचा. २०१९ च्या गणनेत बीएनएचएसच्या लोकांना मुंबईच्या परिसरात एक लाखाहून जास्त फ्लेमिंगो मिळाले होते. आपण रोज ज्या लोकलला लटकतो, तिच्यापासून तीन-चार किलोमीटरवर!

ते इथे का येतात, याचं उत्तर ऐकून नाक मुरडू नका. घाटकोपर आणि भांडुपच्या केंद्रांतून प्रक्रिया झालेलं सांडपाणी या खाडीत येतं. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर चिखलातलं शेवाळ पोसतं, आणि तेच लहान फ्लेमिंगोचं जेवण. पक्षी चोच उलटी करून चिखलात घालतो, जीभ पंपासारखी पुढेमागे करतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीतून पाणी गाळून टाकतो. मेकॅनिकलवाल्यांनो, रेसिप्रोकेटिंग पंप आणि फिल्टर एकाच असेंब्लीत! गुलाबी रंगही शेवाळातल्या द्रव्यांमुळेच येतो. पिल्लं करडीच असतात.

मराठीत फ्लेमिंगोला रोहित म्हणतात, अग्निपंख असंही म्हणतात. हे मला माझ्या रूममेटने सांगितलं. ती सांगोल्याची. आमच्या वर्गात तीन रोहित आहेत, पण त्यातला एकही सकाळी सातला दिसत नाही.

पहिली सकाळ : सगळं होतं, पक्षी नव्हते

रेक्टर मॅडमची परवानगी काढून (त्यावर वेगळा लेख होईल) आम्ही तिघी घाटकोपरहून पहिल्या लोकलपैकी एक पकडून भांडुपला उतरलो. रिक्षाने पंपिंग स्टेशन. गेटवर आयकार्ड दाखवलं, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं आणि खारफुटीमधल्या रस्त्याने चालत खाडीपर्यंत गेलो. सव्वासात झाले होते. सूर्य, धुकं, गारवा... सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. आणि समोर काठोकाठ भरलेलं पाणी. एकही फ्लेमिंगो नाही. शून्य.

काठावर एक काका जाळं नीट करत बसले होते. जवळच्या कोळीवाड्यातले असावेत. आमची तोंडं बघून त्यांनीच विचारलं, "काय गं पोरींनो, रोहित बघायला आल्या? आज तिथी कुठली?"

आम्ही तिघींनी मोबाईल काढले. काका हसले. "अष्टमी आहे आज. आठाची पाऊणपट किती?"

"सहा."

"मग सहाला भरती. आता सात वाजता चिखल कुठून दिसणार? चिखल नाही तर पक्षी काय हवेत खाणार?"

मंडळी, तीन वर्षं इंजिनीअरिंग शिकून मला भरतीची वेळ काढता येत नव्हती, आणि काकांनी ती एका ओळीत काढली. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहाला, द्वादशीला नऊला. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. सकाळी नऊ तसंच रात्री नऊ. ओहोटी त्याच्या सहा तास पुढे-मागे.

होस्टेलवर परत आल्यावर यामागचं कारण शोधलं. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्यामुळे तो रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच उशिरा येते. पन्नास मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तास. झालं! आपल्या पूर्वजांनी हा स्थिरांक पंचांगाच्या तिथीला जोडून टाकला होता. नियम अंदाजाचा आहे, खाडीच्या आत पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, म्हणून छापील वेळापत्रक बघणं चांगलंच. पण नेट नसेल तेव्हा कालनिर्णय पुरतं.

मग तिथी कोणती निवडायची?

इथे खरा ऑप्टिमायझेशनचा प्रश्न आहे. नीट लक्ष द्या.

पूर्ण ओहोटीला चिखल खूप दूरपर्यंत उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेने, म्हणजे अगदी लांब चरतात. पूर्ण भरतीला चिखलच नसतो, ते उडून दुसरीकडे विश्रांतीला जातात, बरेचसे नवी मुंबईच्या बाजूच्या तळ्यांवर. मधली वेळ आपल्या कामाची. पाणी चढत असताना ते पक्ष्यांना हळूहळू काठाकडे ढकलतं. आपण काही करायचं नाही, फक्त बसून राहायचं. पक्षी स्वतःच जवळ येतात.

पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. खलाशी एक ढोबळ हिशेब वापरतात - एकूण उंचीचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. (साइन वेव्ह आठवली ना? तीच ही.) उधाणाच्या दिवसांत मुंबईला भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो असं धरलं, तर मधल्या एका तासात पाणी एक मीटर चढतं. आणि चिखलाचा उतार दोनशेला एक असेल, तर तेवढ्यात पाण्याची कड दोनशे मीटर काठाकडे सरकते. म्हणूनच सांगते, चिखलात पाय टाकायचा नाही. फोटोसाठी तर अजिबातच नाही.

आता दुसरी अट : प्रकाश. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उगवतो. म्हणजे सात ते आठच्या मध्ये पाणी मधल्या तासांत हवं. म्हणजे भरती दहाच्या आसपास हवी. दहा भागिले पाऊण म्हणजे साधारण तेरा. उत्तर : त्रयोदशी!

पाच दिवसांनी त्रयोदशी होती. त्या दिवशी पहिलं लेक्चरही होतं. ज्या सरांचं होतं, त्यांनी हा लेख वाचला तर कृपया माफ करावं. अभ्यासच चालला होता, सर.

'गोल्डन अवर' आपल्याकडे तासाचा नसतो

पुस्तकात लिहिलेलं असतं, सूर्योदयानंतरचा तास सोनेरी असतो. ते पुस्तक लंडनमध्ये लिहिलेलं असतं. सूर्य क्षितिजापासून सहा अंश वर येईपर्यंत प्रकाश खरा मऊ आणि उबदार असतो. मुंबई १९ अंश अक्षांशावर, त्यामुळे आपल्याकडे सूर्य जास्त सरळ वर चढतो - फेब्रुवारीत ताशी साधारण पावणेचौदा अंश. सहा अंशांना लागतात सव्वीस-सत्तावीस मिनिटं. लंडनला याच दिवसांत त्याच सहा अंशांना चाळीस मिनिटांच्या वर जातात. तेव्हा चहा पिऊन मग कॅमेरा काढू, असं इथे चालत नाही. उजाडायच्या आत जागेवर बसलेलं पाहिजे.

उलट, आपल्या बाजूने एक गोष्ट आहे : धुरकं. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते आणि वर गरम हवेचं झाकण बसतं. त्या झाकणाखाली शहराचा धूर, धूळ, खाडीची वाफ सगळं अडकतं. हे कण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने मोठे असतात, म्हणून ते सगळे रंग सारखेच पसरवतात आणि लांबचं सगळं पांढुरकं दिसतं. याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. एक, लांबच्या पक्ष्याचा फोटो कितीही महागड्या लेन्सने काढा, तो फिकाच येणार. दोन, उगवता सूर्य पारसिकच्या डोंगरामागून त्या धुरक्यात वर येतो तेव्हा तांबड्या थाळीसारखा दिसतो आणि त्याला फ्रेममध्ये घेता येतं. मात्र तो जरा प्रखर झाला की व्ह्यू-फाइंडरमधून त्याच्याकडे बघू नका. डोळे दोनच आहेत, आणि ड्रॉइंगच्या पेपरला लागतात.

सूर्य समोर, पक्षी काळे

त्रयोदशीच्या सकाळी पावणेसातला आम्ही जागेवर. पक्षी होते! दूरवर एक गुलाबी रेघ. सव्वासातला सूर्य वर आला, मी धडाधड फोटो काढले आणि स्क्रीनवर बघितलं तर सगळे फ्लेमिंगो कावळे झालेले.

कारण अगदी सोपं आहे, पण कोणी सांगत नाही. भांडुप, मुलुंड, कांजूर ही सगळी खाडीच्या पश्चिम काठावर. आपण खाडीकडे तोंड केलं की पूर्वेकडे बघतो. फेब्रुवारीत सूर्य नेमक्या पूर्वेच्या पंधरा अंश दक्षिणेला उगवतो, म्हणजे सरळ आपल्या तोंडावर. कॅमेऱ्याचा मीटर सगळ्या दृश्याची सरासरी काढतो, उजळ आकाश बघून म्हणतो 'फार प्रकाश आहे' आणि फोटो अंधारा करतो. पक्षी बिचारा मधल्यामध्ये काळा!

यावर तीन उपाय.

पहिला, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक ते दीड करा. पक्ष्याचा रंग थोडा येईल, आकाश पांढरं पडेल. मला हा फारसा आवडला नाही.

दुसरा, काळा तर काळा! उलट उणे एक करा आणि आकारावर फोटो काढा. फ्लेमिंगोची मान, शेकाट्याचे काटकुळे पाय, कुदळ्याची वाकडी चोच... हे पक्षी छायाचित्रातही ओळखू येतात, म्हणजे खऱ्या अर्थाने छायेच्या चित्रात. फक्त दोन पक्षी एकमेकांवर येऊ देऊ नका, नाहीतर चार पायांचा एक विचित्र प्राणी तयार होतो.

तिसरा, बाजू बदला. ऐरोलीला वन विभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून हंगामात बोटीच्या फेऱ्या असतात. त्या काठावरून सकाळी सूर्य पाठीशी असतो. भांडुपच्या काठावरून तसा प्रकाश हवा असेल तर संध्याकाळी या.

आकड्यांची गोष्ट

शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ हे त्रिकूट सगळ्यांना पाठ असतं, पण पहाटे ते कसं अडवतं बघा. सूर्य उगवायच्या आधी माझ्या कॅमेऱ्यात एफ ५.६ आणि आयएसओ १६०० ला शटर १/१२५ मिळत होतं. उडत्या पक्ष्याला किमान १/१००० लागतं. १२५ चे २५०, ५००, १००० - तीन पायऱ्या. म्हणजे आयएसओ १२,८०० करावा लागणार, आणि जुन्या कॅमेऱ्यात फोटोवर वाळू पसरल्यासारखे दाणे येणार. म्हणून सूर्याच्या आधी बसलेले पक्षी, झाडं, पाणी. सूर्य वर आल्यावर उडणारे. क्रम हाच ठेवा.

१/१००० तरी पुरतं का? ताशी ५४ किलोमीटरने उडणारा पक्षी म्हणजे सेकंदाला १५ मीटर. एका सेकंदाच्या हजाराव्या भागात तो १५ मिलिमीटर सरकतो. शंभर मीटरवरून ३०० मिमी लेन्सने बघितलं तर सेन्सरवर ती हालचाल ०.०४५ मिमी. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.००४ मिमीचा धरला, तर अकरा पिक्सेलचा धूसरपणा! म्हणून कॅमेरा पक्ष्याबरोबर त्याच वेगाने फिरवायचा. क्रिकेटमध्ये कॅच घेताना हात चेंडूबरोबर मागे नेतो ना, तसं.

आणि आता तो हिशेब, ज्याने मला अडचणीत आणलं. लहान फ्लेमिंगोची उंची साधारण ९० सेंटिमीटर. सेन्सरवर त्याची प्रतिमा किती? समरूप त्रिकोण - दहावीची भूमिती. ९०० मिमी गुणिले ३०० मिमी भागिले अंतर. शंभर मीटरवर २.७ मिमी. सेन्सरची उंची १६ मिमीच्या आसपास, म्हणजे पक्षी फ्रेमच्या एक षष्ठांश. तीनशे मीटरवर जेमतेम ०.९ मिमी. मोबाईलच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंग्थ पाच-सहा मिमी असते, त्यात शंभर मीटरवरचा फ्लेमिंगो म्हणजे एक ठिपका.

थोडक्यात, गणित एकच सल्ला देतं : जवळ जा. आणि जवळ जाता येत नसेल तर... काहीतरी करा.

टाळी

साडेसात होऊन गेले होते. पाणी चढलं होतं आणि पुढचा थवा खरंच शंभर-सव्वाशे मीटरवर आला होता. अडीच-तीनशे पक्षी, सगळ्यांची डोकी खाली, चोची चिखलात. सीनियर फोटो काढत होती. रूममेट नुसती बघत होती. मला मात्र ते वर्तमानपत्रात येतं तसं चित्र हवं होतं - पंख उघडलेले, आतला लाल-काळा रंग, पाण्यावरून धावत उडणारा थवा. बसलेले पक्षी काय, सगळेच काढतात!

कॅमेरा सेट केला, गळ्यात अडकवला, आणि मी टाळ्या वाजवल्या. जोरात. वर "हेऽऽ" म्हणून ओरडले.

थवा उठला. आधी पाण्यावर धावण्याचा आवाज, मग पंखांचा. दोन-तीन सेकंद सगळं समोर गुलाबी झालं. मी सलग चौदा फोटो काढले. मग तो थवा वळला आणि चार-पाचशे मीटर लांब जाऊन उतरला.

मी खूश होऊन मागे वळले तर रूममेट माझ्याकडे बघत नव्हती. आणि तेच काका उभे होते.

"कशाला उडवलंस गं?"

"काका, फक्त फोटोसाठी. परत बसले ना ते."

"लांब बसले. इथे तासभर खाऊन घेतलं असतं. आता दहाला पाणी भरलं की चिखल गेला, मग दुपारपर्यंत उपास त्यांना." काका चिडलेले वाटत नव्हते, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "तुमच्या मेसमध्ये ठराविक वेळेतच जेवण मिळतं ना? तुम्ही ताटावर बसलात आणि बाहेरून कोणी आग लागली म्हणून ओरडलं. रोज ओरडलं. मग?"

मला उत्तर सुचलं नाही. ज्यांनी मला तिथीचं गणित फुकट शिकवलं, त्यांच्याच समोर मी ते असं वापरलं होतं.

नंतर वाचलं तेव्हा काकांचं म्हणणं अगदी बरोबर निघालं. या पक्ष्यांना चरायला दिवसाचे मोजके तास मिळतात, आणि त्यातूनच पुढच्या लांबच्या प्रवासाची चरबी साठवायची असते. प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते. मी एकटीच असते तर गोष्ट वेगळी, पण सुट्टीच्या दिवशी तिथे माझ्यासारखे कितीतरी जण येतात, आणि प्रत्येकाला वाटतं, एकदाच तर टाळी वाजवतोय. शिवाय अभयारण्यात वन्यजीवांना त्रास देणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तो भाग वेगळाच.

या पक्ष्यांचं आकाश आधीच सोपं राहिलेलं नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर पूर्वेला उतरणाऱ्या विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो मेले होते, लोकांच्या गच्च्यांवर आणि रस्त्यांवर पडले होते. तेव्हा आम्ही होस्टेलवर त्याच्या बातम्या फॉरवर्ड करत होतो, सोबत रडणाऱ्या स्माइली. त्यात मीही होते.

पाठ फिरवल्यावर

परतताना कोणी फार बोललं नाही. हायवेच्या अलीकडे जुन्या मिठागरांचे बांध लागले. भांडुप, कांजूर, मुलुंडच्या या पट्ट्यात एकेकाळी मीठ पिकायचं, आता बरीचशी मिठागरं बंद आहेत. २०२४ मध्ये इथल्याच सुमारे २५६ एकर मिठागराच्या जमिनीवर धारावी पुनर्विकासातली घरं बांधायला मंजुरी मिळाली. घरं लागतात हे खरं, आणि पावसाचं पाणी साठायला असली सखल जमीन लागते हेही खरं. त्यावर वाद चालू आहे, तो सिव्हिलवाल्यांनी घालावा.

रूममेट एकदम थांबली. "तुझा ग्रामीण निसर्ग बघ." बांधावर एक टिटवी ओरडत होती, तारेवर कोतवाल, एका खुंटावर खंड्या. (किंगफिशर म्हटलं की होस्टेलमध्ये कोणाला पक्षी आठवत नाही, तो भाग सोडा.) ही सगळी नावं मला तिने सांगितली. मला त्यांची इंग्रजी नावं येत होती, तीही पुस्तकात बघून. तिला ती आजोबांबरोबर रानात जाऊन येत होती. तिच्याच जिल्ह्यातले, सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोश' लिहून अशी नावं मराठीत जमवून ठेवली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. मी ते पुस्तक आता लायब्ररीतून घेतलंय. ज्याला हवं असेल त्याने आधी माझ्याकडे बघावं.

उथळ पाण्यात तीन शेकाटे उभे होते. लांब लाल पाय, खाली त्यांचं प्रतिबिंब. आणि मग लक्षात आलं - आम्ही आता पश्चिमेकडे बघतोय. सूर्य पाठीशी आहे! सव्वाआठ झाले होते, सोनेरी प्रकाश संपला होता, तरी पायांचा लाल रंग स्वच्छ दिसत होता. मी बांधावर गुडघे टेकून बसले, म्हणजे कॅमेरा पक्ष्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आला. हलले नाही, बोलले नाही. सात-आठ मिनिटांनी त्यांनी आमच्याकडे लक्ष देणं सोडलं आणि चरत चरत जवळ आले.

मागे विजेचे टॉवर होते, त्यामागे मुलुंडच्या उंच इमारती आणि सगळ्यात मागे नॅशनल पार्कचे डोंगर. आधी मी टॉवर टाळायला बघत होते, म्हणजे फोटो 'गावातला' वाटेल. रूममेट म्हणाली, "आमच्या गावातपण टॉवर आहेत की! घे तसाच." घेतला.

प्रदर्शनाला तोच फोटो दिला. बक्षीस मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, पक्षी लहान आहेत आणि पार्श्वभूमीत गर्दी आहे. दोन्ही बरोबर आहे. टाळीचे चौदा फोटो अजून लॅपटॉपवर आहेत. त्यातला सहावा खरंच सुंदर आहे, आणि तो दिला असता तर काहीतरी मिळालं असतं, असं सीनियर म्हणते. पण खाली 'कसा काढला' हे लिहायची जागा होती, आणि तिथे मला खोटं लिहावं लागलं असतं.

जायचं असेल तर

- आधी तिथी किंवा भरतीचं वेळापत्रक बघा, मग गजर लावा. सकाळसाठी द्वादशी ते चतुर्दशी चांगली.
- आयकार्ड ठेवा. प्रवेशाचे नियम बदलत असतात, निघण्याआधी चौकशी करा.
- मातकट, हिरवट कपडे. पांढरा टी-शर्ट आणि परफ्यूम खोलीतच ठेवा. डास परफ्यूमला घाबरत नाहीत.
- मोबाईलच असेल तर फ्लेमिंगोच्या मागे लागू नका. खारफुटीची चिखलातून वर आलेली मुळं, दवाने भरलेली कोळ्याची जाळी, धुरक्यातला सूर्य हे घ्या. डिजिटल झूम नको. स्क्रीनवर आकाशाला स्पर्श करून प्रकाश थोडा कमी करा. दुर्बीण मिळाली तर मोबाईल तिच्या काचेला लावून बघा, बरा फोटो येतो.
- फ्लॅश नाही, गाणी नाहीत, दगड नाहीत. ड्रोन तर नाहीच. पक्षी मान वर करून तुमच्याकडे बघायला लागले की समजा, जास्त जवळ गेलात. दोन पावलं मागे या.
- काठावर कोणी जाळं विणत बसलेलं दिसलं तर आधी नमस्कार करा. फोटो नंतर, आणि विचारून.

काका भेटले तर सांगा, त्या टाळीवालीने विचारलंय. पुढच्या त्रयोदशीला आम्ही परत जाणार आहोत, चौघींची जागा आहे. रेक्टर मॅडमची परवानगी मात्र ज्याची त्याने काढायची!